पादस्वेद आणि पादत्राण : चिकित्सापत्रात राहून जाणारी ओळ

आषाढ लागला की नवापूर तालुक्यातील भातखाचरे पाण्याने भरतात आणि आपल्या चिकित्सालयांत पायांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढू लागते. सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडी हे या परिसरातील बाजाराचे आणि ग्रामीण रुग्णालयाचे गाव. येथील वैद्याकडे येणारे पाय तीन प्रकारचे असतात. पहिला लावणीच्या चिखलात दिवस काढणाऱ्या शेतकऱ्याचा व मजुराचा. दुसरा कुक्कुटपालन केंद्रात सकाळपासून संध्याकाळपर्यंत गमबुटात कोंडलेल्या कामगाराचा. तिसरा कोंडाईबारीचा घाट चढून-उतरून आलेल्या, इंजिनाच्या उष्णतेत तासन्‌तास बसलेल्या मालमोटारचालकाचा. तक्रारी मात्र बहुधा सारख्याच असतात : बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, खाज, आग, दुर्गंध, पांढरी पडून सोलवटणारी त्वचा.

आपण लेप देतो, चूर्ण देतो, पोटात औषध देतो. आठ-दहा दिवसांत बरे वाटते आणि पंधरवड्यात रुग्ण पुन्हा दारात उभा राहतो. औषध निष्फळ ठरले असे म्हणण्यापूर्वी एक साधी गोष्ट पाहावी. रुग्ण चिकित्सालयातून बाहेर पडताना पायात काय घालतो? बहुतेक वेळा कालचेच ओले प्लास्टिकचे बूट. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण सर्वांनी शिकलेले आहे. या व्याधीत निदान पायातच घातलेले असते. म्हणून पादत्राणाचा विचार हा चर्मकाराचा प्रांत समजून सोडून देऊ नये, तो आपल्या चिकित्सापत्राचाच भाग आहे, हे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रदृष्टी

स्वेद हा मेदाचा मल आणि क्लेदाचे धारण हे त्याचे कर्म. स्वेद वाढला की दुर्गंध व कंडू उत्पन्न होतात, हे वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे. चरकाचार्यांनी स्वेदवह स्रोतसांच्या दुष्टीची कारणे सांगताना अतिव्यायाम व अतिसंतापाबरोबर क्रोध, शोक व भय यांचाही उल्लेख केला आहे. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही हेच सांगते. तळहात व तळपाय येथे घर्मग्रंथींची दाटी शरीरात सर्वाधिक असते आणि मानसिक ताणाने या ग्रंथी लगेच स्रवू लागतात. म्हणून थंडीच्या दिवसांतही परीक्षेला बसलेल्या मुलाचे तळपाय भिजतात.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील क्षुद्ररोगांत ‘अलस’ या व्याधीचे वर्णन येते. दूषित चिखलाच्या स्पर्शाने पायांच्या बोटांमधील जागा क्लिन्न होते आणि तेथे खाज, दाह व वेदना होतात. मराठीत या व्याधीला ‘चिखल्या’ म्हणतात. नावातच हेतू सांगणारा हा लोकशब्द सुश्रुतोक्त वर्णनाशी तंतोतंत जुळतो. त्याच अध्यायात ‘पाददारी’ही वर्णिलेली आहे. सतत चालणाऱ्या माणसाच्या अतिरूक्ष पायांना वायूमुळे भेगा पडतात, ती पाददारी. एक व्याधी ओलीची, दुसरी कोरडेपणाची. हा भेद पुढे चिकित्सेत फार उपयोगी पडतो.

पादत्रधारणाचे गुण चरकाने स्वस्थवृत्तात आवर्जून सांगितले आहेत. ते नेत्रांस हितकर, पायांच्या व्याधींपासून रक्षण करणारे, बल देणारे व चालण्यास सुखकर होय. वर्षा ऋतुचर्येत तर वाग्भटाने पायी हिंडू नये, असेच सुचविले आहे. परंतु ज्याचे पोट खाचरात उतरल्याशिवाय भरत नाही, त्याला हा उपदेश कसा करावा? ‘अपादचारी’ राहणे ज्याला शक्य नाही, त्याच्या पायांसाठी योग्य पादत्राण सुचविणे, एवढाच मार्ग आपल्यापुढे उरतो.

बुटात नेमके काय घडते

घाम आपल्या जागी उपद्रवी नाही. तो उडून गेला की त्वचा कोरडी होते. बंद बुटात मात्र पायाभोवतीची थोडीशी हवा लवकरच बाष्पाने संपृक्त होते. त्यानंतर घाम उडत नाही, साचतो. साचलेल्या घामाने त्वचेचा बाह्य थर फुगून मऊ पडतो व घर्षणाने सोलवटतो. अशा त्वचेवर बुरशी व जिवाणू सहज वाढतात. बेचक्यांतील बुरशीजन्य विकार, टाचेवर व चवड्यावर बारीक खड्डे पाडणारा जिवाणूजन्य विकार आणि घामातील घटकांचे जिवाणूंनी विघटन केल्यामुळे येणारी आंबूस दुर्गंधी, ही सर्व याच ओलीची अपत्ये आहेत.

येथवरचा त्रास केवळ गैरसोयीचा वाटेल. परंतु फाटलेली त्वचा हे मोठ्या व्याधींचे प्रवेशद्वार आहे. शेजारच्या दक्षिण गुजरातच्या भातपट्ट्यात व आपल्या कोकणात पावसाळ्यात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस साचलेल्या पाण्यातून अशाच फुटलेल्या त्वचेवाटे शरीरात शिरतो. मधुमेही रुग्णाच्या बेचक्यातील साधी चिखली पुढे पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या ओलीत उभ्या राहिलेल्या हजारो सैनिकांचे पाय बधिर होऊन सडले. तेव्हा ब्रिटिश सैन्याने मोजे वारंवार बदलणे व पायांची रोज तपासणी करणे हे शिस्तीचे भाग ठरविले. उपाय औषधाचा नव्हता, कोरडेपणाचा होता.

ओल बाहेर काढण्याचे तीन मार्ग

कोरडे ठेवणारे पादत्राण कोणत्याही काळातले असो, त्याची रचना तीनच तत्त्वांवर उभी असते : ओल शोषणे, ओल उडू देणे आणि ओल बाहेर ढकलणे.

पहिल्या तत्त्वाचे उत्तम उदाहरण आपल्याच घरचे आहे. कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याची असते. चामड्याचे तंतू बाष्प शोषून घेतात व चप्पल काढून ठेवली की ते परत सोडतात. वरचा भाग उघडा असल्याने दुसरे तत्त्वही आपोआप साधते. २०१८ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील कारागिरांसाठी या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मूळ उगम न सांगता मांडल्याने मोठी चर्चा झाली. वैद्यांनी मात्र या चपलेकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. ज्या हिरड्याचा कषाय रस आपण स्तंभनासाठी वापरतो, त्याच हिरड्यातील टॅनिन चामडे कमावते. कच्च्या कातड्यातील प्रथिनांना बांधून ते कुजण्यापासून वाचविणारे हे द्रव्य त्वचेच्या पृष्ठभागावरही संकोचक कार्य करते. या चपलेची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पाण्यात भिजली की ती फुगते, आकार सोडते. उन्हाळ्यात व हिवाळ्यात ती उत्तम, परंतु आषाढात ती खुंटीवरच बरी.

तिसऱ्या तत्त्वाचे उदाहरण लष्कराने घालून दिले. अमेरिकन सैन्याने १९४२ मध्ये उष्ण व दमट जंगलांसाठी एक बूट स्वीकारला. तळ रबराचा, वरचा भाग जाड कापडाचा आणि आत प्लास्टिकच्या जाळीचे थर रचून केलेला सुटा तळ अशी त्याची रचना होती. पाऊल टेकले की जाळीतील हवा दाबली जाऊन बुटाच्या बाजूच्या छिद्रांतून बाहेर पडे. पाऊल उचलले की बाहेरची हवा आत येई. भात्याप्रमाणे प्रत्येक पावलागणिक बूट श्वास घेई. पाणी आत शिरू नये असा हट्ट या रचनेत नव्हता. आत आलेले पाणी लवकर बाहेर जावे, एवढेच पाहिले होते. व्हिएतनाम युद्धातील बुटांतही तळाजवळ पाणी निथळण्याची छिद्रे ठेवलेली होती. पुढे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या जिऑक्स या इटालियन कंपनीने रबरी तळालाच छिद्रे पाडून, त्यावर बाष्प जाऊ देणारे पण पाणी आत न येऊ देणारे पटल बसविले. महाग असले तरी तत्त्व तेच.

आपल्या रुग्णास काय सांगावे

विसरवाडीच्या बाजारात परदेशी पटलाचे बूट मागणे व्यर्थ आहे, आणि त्याची आवश्यकताही नाही. वरील तत्त्वे गावातील चर्मकाराच्या हाती सहज उतरविता येतात.

लावणीच्या चिखलात गमबूट रुततो, त्यामुळे तेथे शेतकरी अनवाणी उतरतो, हे वास्तव मान्य करावे. त्याला सांगावयाचे ते बांधावर आल्यानंतरचे. स्वच्छ पाण्याने पाय धुणे, प्रत्येक बेचका स्वतंत्रपणे पुसणे आणि नंतर बंद बूट न घालता उघडी चप्पल घालणे. मोटारीच्या टायरपासून केलेली, रुंद पट्ट्यांची चप्पल यासाठी उत्तम. ती पाणी शोषत नाही, लगेच निथळते व परवडते. अंगठ्याजवळच्या बेचक्यात पट्टा घासणारी चप्पल चिखल्या भरेपर्यंत टाळावी. आडव्या पट्ट्यांची घालावी.

कुक्कुटपालन केंद्रातील कामगाराची स्थिती निराळी आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्ल्यूचा उद्रेक झाला. २०२१ मध्येही तालुक्याने तो अनुभव घेतला. या केंद्रांत गमबूट हे जैवसुरक्षेचे साधन आहे. त्याला छिद्रे पाडावीत असे कोणीही सुचवू नये. येथे बदल बुटाच्या आत करावयाचा आहे. बुटात जाळीदार सुटा तळ घालावा, जेणेकरून पाऊल साचलेल्या घामावर न टेकता त्याच्या किंचित वर राहील. मोज्यांचे दोन जोड जवळ ठेवून दुपारच्या सुटीत मोजे बदलावेत. सुती मोजा घाम चांगला शोषतो, पण ओला झाला की ओल धरून ठेवतो. म्हणून न बदललेला सुती मोजा लाभापेक्षा अपायच अधिक करतो. शक्य असल्यास बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत. रात्री बूट उलटे न ठेवता, आतील तळ काढून, तोंड उघडे राहील असे हवेशीर जागी ठेवावेत.

वाहनचालकास चामड्याची उघडी चप्पल व दर थांब्यावर पाय मोकळे करणे, एवढे सांगितले तरी पुरे.

चर्मकारास द्यावयाची सूचना चार शब्दांची आहे : रुंद पुढा, उघडी बाजू, सुटा तळ, निथळती छिद्रे. पुढील भाग रुंद असल्यास बोटे एकमेकांवर दाबली जात नाहीत व बेचक्यांत हवा खेळते. छिद्रे तळाच्या खालून न पाडता बाजूस, आतील तळाच्या पातळीवर पाडावीत, म्हणजे काटा व चिखल वर येत नाही.

औषधी निर्माते व विक्रेते यांच्यासाठी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, आरग्वधीय अध्यायात, शिरीष, लामज्जक, नागकेशर व लोध्र यांचा त्वग्दोष व अतिस्वेद दूर करणारा प्रघर्ष सांगितला आहे. अंगावर चोळण्याचे हे कोरडे चूर्ण म्हणजे आजच्या भाषेत घामावरील पावडरच होय. अग्र्यसंग्रहात तर दाह, त्वग्दोष व स्वेद घालविणाऱ्या लेपांमध्ये लामज्जक व वाळा यांना श्रेष्ठ म्हटले आहे. या योगावर आधारित, वस्त्रगाळ केलेले पादचूर्ण जूनपूर्वी दुकानात उपलब्ध असावे. चूर्ण मात्र कोरड्या पायावरच वापरावे. ओल्या बेचक्यात त्याचा लगदा होऊन ओल अधिकच धरली जाते.

त्रिफळ्याचा कोमट काढा संध्याकाळी १५ ते २० मिनिटे पादावगाहासाठी द्यावा. अलसात सुश्रुताने कांजीने पाय भिजवून निंब, तीळ, कासीस, सैंधव इत्यादींचा लेप सांगितला आहे. त्या पाठात येणारे हरताळ आर्सेनिकयुक्त असल्याने फाटलेल्या त्वचेवर वापरू नये. त्वचा उघडी असताना कासीस व सैंधवही झोंबतात, याचे भान ठेवावे.

आणखी एक कळकळीची विनंती. खाज थांबविणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी बुरशी दबते, मरत नाही. गेल्या काही वर्षांत देशभर हट्टी झालेल्या गजकर्णामागे या मलमांचा गैरवापर हे एक प्रमुख कारण आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टेरॉइड औषधांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. तो नियम काउंटरवरही पाळला जावा.

कोणाचा पाय कोरडा करू नये

सर्वांत महत्त्वाची सावधानता शेवटी. मधुमेहात व कुष्ठरोगात नाड्या दुर्बल झाल्यावर पायाला घाम येणेच थांबते. त्वचा रूक्ष होऊन भेगा पडतात व बधिरतेमुळे जखम कळत नाही. ही पाददारीच्या अंगाने जाणारी अवस्था आहे. येथे कषाय अवगाह व शोषक चूर्ण देणे म्हणजे रोगाला मदत करणे होय. अशा पायाला पाण्यात भिजवून लगेच तेल वा तूप लावणे हितावह, तेही बेचके वगळून. पादत्राण मऊ मायक्रोसेल्युलर रबराचे, अर्थात एमसीआरचे असावे, खिळे नसलेले असावे आणि घालण्यापूर्वी रोज हात घालून तपासावे. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून कुष्ठरुग्णांना अशा चपला मोफत मिळतात. बेचक्यात लाली पसरत असेल, ताप असेल, पू असेल किंवा मधुमेही रुग्णास जखम दिसत असेल, तर वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना एवढीच सूचना की, पायाचा रुग्ण आला तर नाडी, जिव्हा पाहून झाल्यावर त्याचे बूट हातात घेऊन आत बोटे फिरवावीत. आत ओल लागली तर निदानाचा निम्मा भाग तेथेच सापडेल. मग औषधांच्या यादीखाली आणखी एक ओळ लिहावी : कोणते पादत्राण, किती वेळ आणि कसे वाळवावे. या ओळीला खर्च जवळजवळ नाही. ती न लिहिल्याचा खर्च मात्र रुग्णाला दर पावसाळ्यात भरावा लागतो.