त्वचाकाठिण्य : ओळख, उपचार आणि आपले कर्तव्य

थंडीत किंवा बर्फ हाताळताना बोटे एकाएकी पांढरी पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळताच लाल होतात. या लक्षणाला वैद्यकात ‘रेनॉड’ म्हणतात. उत्तनच्या किनाऱ्यावर बर्फातली मासळी हाताळणारी एखादी भगिनी ते कामाचेच फळ मानून गप्प राहील. पुष्कळांच्या बाबतीत ते निरुपद्रवी असतेही; परंतु सोबत बोटे सुजू लागली, कातडी ताठरून चिमटीत येईनाशी झाली, तर ती त्वचाकाठिण्याची, म्हणजे स्क्लेरोडर्माची, सुरुवात असू शकते. हा आजार विरळा असल्याने निदानास विलंब होतो आणि त्या विलंबाची किंमत रुग्णाच्या फुप्फुसांना मोजावी लागते. म्हणून स्मरणिकेत हा विषय मांडणे आम्हांस अगत्याचे वाटले.

जंतूंशी लढणारी रोगप्रतिकारशक्ती या आजारात स्वतःच्याच शरीरावर उलटते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते, कोलॅजन नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर साठते आणि त्वचेबरोबर अन्ननलिका, फुप्फुसे, हृदय व मूत्रपिंडेही बाधित होऊ शकतात. १७५३ साली नेपल्सचे वैद्य कार्लो कुर्झिओ यांनी अशा एका रुग्ण स्त्रीची नोंद केली. चित्रकार पॉल क्ले यांना हाच आजार होता असे मानतात; त्यांचा स्मृतिदिन २९ जून हा जागतिक स्क्लेरोडर्मा दिन म्हणून पाळला जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार कितीतरी अधिक आढळतो. दगडकामातील सिलिकाची धूळ छातीत घेणाऱ्या श्रमिकांनाही त्याचा धोका अधिक असतो. मुलांमध्ये बहुधा ‘मॉर्फिया’ हा त्वचेपुरता प्रकार दिसतो.

हा आजार संसर्गजन्य नाही आणि पूर्वजन्मीच्या पापाचे फळ तर मुळीच नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळा काढणे म्हणजे ज्या विटाळाशी आपल्या वाडवडिलांनी झुंज दिली, तोच आपल्या घरात पुन्हा आणणे होय.

आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. तथापि तो आटोक्यात ठेवता येतो. हातपाय उबदार ठेवावेत, बर्फाच्या कामात हातमोजे घालावेत. तंबाखू, विडी आणि मिश्रीदेखील सोडावी, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. जेवण थोडे थोडे घ्यावे, जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. बोटांचा व तोंड उघडण्याचा व्यायाम नित्य करावा. रेनॉडसाठी निफेडिपिन, फुप्फुसांसाठी मायकोफेनोलेट यांसारखी औषधे डॉक्टर देतात. फुप्फुसांची क्षमता व हृदयाची सोनोग्राफी ठरल्या वेळी तपासावी लागते. रक्तदाब अचानक वाढून डोके दुखू लागल्यास तो मूत्रपिंडावरील घाला असू शकतो. तत्काळ रुग्णालय गाठावे. मेडिकलच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइड घेऊ नये. मोठ्या मात्रेने हाच धोका वाढतो.

या विकाराचे तज्ज्ञ म्हणजे संधिवाततज्ज्ञ. भाईंदरहून चर्चगेट लोकलने प्रभादेवीस उतरले की परळचे के.ई.एम. हे महापालिकेचे रुग्णालय जवळच आहे. तेथे जाताना जुने सर्व कागद क्रमाने लावून न्यावेत. पगार बुडेल म्हणून तपासणीची तारीख चुकवणाऱ्या माता-भगिनींसोबत आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी एक दिवस रांगेत उभा राहिला, तरी त्याच्या शिक्षणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.