विषाणूचं बळ कुणाच्या जिवावर?

घसा धरला, नाक वाहू लागलं, की मेडिकलच्या दुकानातून अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी आणायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. जंतू म्हणजे जंतू, औषधाने मरणारच, असा त्यामागचा समज. प्रत्यक्षात ही गोळी जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या त्याच्या यंत्रणेला, चिकटते आणि तिचं काम थांबवते. विषाणूकडे रायबोसोमच नसतो. तो स्वतःची प्रथिनं आपल्या पेशींतल्या रायबोसोमकडून बनवून घेतो. त्यांची घडण जिवाणूंच्या रायबोसोमहून वेगळी असल्यामुळे ही गोळी त्यांना अडवत नाही. म्हणून साध्या सर्दीत तिने विषाणूचं काहीच बिघडत नाही. मरतात ते आतड्यातले उपयोगी जिवाणू, आणि जे तगतात त्यांच्यात औषधाला दाद न देणारे वाढत जातात.

विषाणू स्वतःच्या बळावर वाढतो, हाही असाच पक्का बसलेला समज. फ्लूच्या विषाणूकडे आरएनएचे आठ तुकडे आणि डझनभर प्रथिनांपुरती माहिती, एवढंच भांडवल असतं. आपल्या पेशीतल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते आणि ती असली तरच रायबोसोम तो संदेश नीट वाचायला घेतो. फ्लूला ही टोपी बनवता येत नाही. म्हणून त्याचं पॉलिमरेज, म्हणजे त्याच्या आरएनएच्या प्रती काढणारं विकर (एन्झाइम), आपल्या पेशीच्या केंद्रकात जाऊन नुकत्याच तयार झालेल्या आरएनएची टोपी पकडतं, पुढची दहा-तेरा अक्षरं सोडून तिथे कापतं आणि तो तुकडा स्वतःच्या संदेशाच्या सुरुवातीला जोडतं. जपान आणि अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालेलं बॅलोक्सॅव्हिर हे औषध नेमकं हे कापणंच रोखतं.

कोविडच्या काळात कुलूप-किल्लीचं चित्र घराघरांत पोचलं: पेशीवरचं एसीई-२ हे कुलूप, विषाणूचा काटा ही किल्ली. हे चित्र चुकीचं नाही, पण अपुरं आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत मोठी होती. काटा एसीई-२ला चिकटल्यावर तो आपल्याच एखाद्या विकराने कापला जावा लागतो, तेव्हा कुठे विषाणू आत शिरतो. फुप्फुसाच्या पेशींवर हे काम टीएमपीआरएसएस-२ नावाचं विकर पेशीच्या पृष्ठभागावरच उरकतं. प्रयोगशाळेत मात्र सुरुवातीच्या चाचण्या व्हेरो पेशींवर झाल्या. त्या आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या, आणि त्यांच्यात हे विकर जवळपास नसतंच. तिथे विषाणूला पेशीच्या आतल्या आम्लयुक्त पिशवीतून वाट काढावी लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्या पिशवीतली आम्लता कमी करतं, म्हणून त्या पेशींत विषाणू अडला आणि जगभर आशा पालवली. मार्च २०२०मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी हे औषध सुचवलं. जूनमध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू त्याने कमी होत नाहीत, हे दाखवलं. पुढच्याच महिन्यात जर्मन संशोधकांनी मानवी फुप्फुसाच्या पेशींवर तपासलं, तर तिथे त्याच जातीचं क्लोरोक्विन निष्प्रभ ठरलं. आधीच्या चाचण्या खोट्या नव्हत्या. पेशी वेगळी होती, आणि विषाणूची सारी भिस्त पेशीवरच असते. माझ्या मते त्या वर्षातला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा, पण त्याची चर्चा फार कमी झाली.

आता बर्ड फ्लू. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये भारतातली एच५एन१ची पहिली साथ आली, तेव्हा ‘आता माणसांत पसरणार’ म्हणून लोकांनी कोंबडी-अंडी सोडली. माणसांत लागण सिद्ध झाली नाही. पक्ष्यांच्या विषाणूला आपल्या पेशीत शिरणं अवघड जातंच, पण शिरला तरी आणखी एक अडथळा असतो. त्याच्या पॉलिमरेजला एएनपी३२ए हे प्रथिन लागतं. पक्ष्यांत ते ३३ अमिनो आम्लांनी लांब असतं, आपल्यात आखूड. त्यामुळे पक्ष्यांतलं पॉलिमरेज आपल्या पेशीत रखडत चालतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या वेंडी बार्कले यांच्या गटाने हे २०१६ साली उलगडलं. मात्र पॉलिमरेजमधलं एकच अमिनो आम्ल बदललं तरी विषाणू आखूड प्रथिनावर भागवू शकतो. तेव्हा ‘आपल्याला धोका नाहीच’ हेही चूक.

मग हे प्रथिनच बदललं तर? २०२३ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी एएनपी३२एमधली दोन अमिनो आम्लं बदललेल्या कोंबड्या वाढवल्या. एच९एन२ विषाणूच्या नेहमीच्या मात्रेला दहापैकी नऊ पुरून उरल्या. मात्रा हजारपट केल्यावर निम्म्यांना लागण झाली, आणि त्यांच्यातल्या विषाणूने स्वतःत बदल करून त्याच कुळातल्या दुसऱ्या दोन प्रथिनांचा आधार घेतला होता. तिन्ही प्रथिनं काढलेल्या कोंबडीच्या पेशींत, प्रयोगशाळेत, तो वाढू शकला नाही. पण ही तिन्ही प्रथिनं पेशीची स्वतःचीही कामं करतात. त्यांच्याशिवाय कोंबडी धडधाकट वाढेल का, हे आधी पाहावं लागेल.