नखातली बुरशी: आधी खात्री, मग औषध, मग वर्षभर धीर

पायाच्या अंगठ्याचं नख कडेने पिवळं पडतं, जाड होतं, खालून भुगा निघायला लागतो. दुखत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. नखुरडं झालं की ठणक्यामुळे माणूस दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठतो. बुरशीला मात्र वर्षानुवर्षं मोकळं रान मिळतं.

ही बुरशी बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम जातीची असते. नख ज्या केराटिनचं बनतं, तेच तिचं खाद्य. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या पुष्कळदा बुरशीच्याच असतात. तिथून ती नखाच्या टोकाखाली शिरते आणि मुळाकडे सरकत जाते.

पोडिअॅट्रिस्ट, म्हणजे पायांचे तज्ज्ञ, आपल्याकडे अजून थोडेच आहेत. मोठ्या शहरांत ते बहुधा मधुमेहींच्या पायांसाठी चालणाऱ्या क्लिनिकमध्ये भेटतात. ते नसतील तिथे त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

औषधाआधी खात्री हवी, कारण बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. बाकीच्यांत सोरायसिस असतो, किंवा बोट रोज बुटाच्या टोकावर आदळत असतं. तपासणीसाठी नखाचा तुकडा कापतात आणि खालचा भुगा खरवडून घेतात. तोही टोकाचा नव्हे, तर खराब भाग जिथे चांगल्या नखाला भिडतो तिथला. जिवंत बुरशी तिथेच असते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने केराटिन विरघळलं की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात. कल्चरचा निकाल यायला मात्र काही आठवडे जातात. आधीच मलम चोपडून गेलात, तर बुरशी असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो.

मग येतं पोडिअॅट्रिस्टच्या हातचं खरं काम. जाड नख निपरने थोडं थोडं कापायचं आणि फिरत्या बरने घासून पातळ करायचं. धूळ उडते म्हणून मास्क असतो. नख उपटत नाहीत, त्यामुळे सहसा भूल लागत नाही. फारच कडक असेल तर ४० टक्के युरियाचं मलम लावून आधी मऊ करतात. हा खटाटोप दिसण्यासाठी नाही. जाडी उतरल्याशिवाय वरून लावलेलं औषध आत पोचतच नाही.

मूळ शाबूत असेल आणि एखाददुसरंच नख बिघडलं असेल, तर ५ टक्के अमोरोल्फिनचं लॅकर आठवड्यातून एकदा-दोनदा लावून भागतं. त्यापुढे गेलं की गोळ्या, बहुधा टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम, रोज एक, १२ आठवडे. त्या डॉक्टरच लिहून देतात, कारण आधी यकृताची रक्ततपासणी हवी आणि चालू असलेली इतर औषधंही पाहावी लागतात. शेजाऱ्याला गुण आला म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणं हा शुद्ध अविचार.

सगळ्यात जास्त लोक गळतात ते यानंतर. गोळ्या संपतात, नख तसंच दिसतं. दिसणारच! बिघडलेलं नख सुधारत नसतं, ते पुढे ढकललं जातं आणि मागून नवं येतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष. म्हणून काही तज्ज्ञ चांगल्या-वाईट भागाच्या सीमेवर कानशीने बारीक खूण करतात. खूण पुढे सरकली आणि तिच्या मागे स्वच्छ नख आलं, तर औषध लागू पडलंय. पिवळेपणा खूण ओलांडून मागे आला, तर पुन्हा दाखवायला जायचं.

बुरशी परतूनही येते. मोजे रोज धुतलेले, बूट आलटून पालटून, बेचके कोरडे आणि नेलकटर स्वतःचा वेगळा, एवढं पाळावंच.

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, तर जाड नखाला घरी ब्लेड किंवा कात्री लावू नका. कापलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. ते नख तज्ज्ञाकडूनच कापून घ्या.