बास मासा, गळ आणि बिवा सरोवराचे ऋतुचक्र

गळाने मासे पकडणे हा संयमाचा छंद मानला जातो. मात्र ‘लार्जमाउथ बास’ या माशाच्या मागावर निघणाऱ्यांना संयमाइतकीच गरज असते ती पाण्याच्या तापमानाचे भान असण्याची. मूळचा उत्तर अमेरिकेतील हा गोड्या पाण्यातला मासा. हिरवट पाठ, अंगावर आडवा काळसर पट्टा आणि डोळ्याच्याही मागे पोहोचणारा जबडा ही त्याची ओळख. गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उसळी घेऊन तो झुंज देतो, आणि या झुंजीपायीच जगभरातील छांदिष्टांना त्याने वेड लावले आहे. याच वेडामुळे तो आपल्या मूळ प्रदेशापासून हजारो मैलांवर, जपानच्या बिवा सरोवरात पोहोचला आणि तेथे एका न संपणाऱ्या वादाचे कारण ठरला.

शिगा प्रांतातील बिवा हे जपानमधील सर्वांत मोठे सरोवर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर आहे. उत्तरेकडील भाग विस्तीर्ण आणि शंभर मीटरपर्यंत खोल, तर दक्षिणेकडील भाग चिंचोळा आणि सरासरी अवघा चार मीटर खोल. क्योतो आणि ओसाका परिसरातील कोटीहून अधिक लोकांची तहान हे सरोवर भागवते. त्याचे वय लाखो वर्षांत मोजले जाते. म्हणूनच जगात अन्यत्र कोठेही न आढळणारे अनेक जलचर येथे विकसित झाले.

जपानमध्ये बास प्रथम आला तो १९२५ मध्ये. तेत्सुमा आकाबोशी या उद्योजकाने अमेरिकेतून आणलेले मासे आशी सरोवरात सोडले. बिवा सरोवरात त्याची पहिली नोंद १९७४ मधील आहे. पुढच्या दहा वर्षांत त्याची संख्या झपाट्याने वाढली. तो असा का फोफावला, हे समजण्यासाठी त्याचे वर्षभराचे वेळापत्रक पाहावे लागते.

वसंत : घरट्याचे दिवस

मासा हा शीतरक्ताचा प्राणी. पाणी जेवढे ऊबदार, तेवढी त्याची भूक आणि हालचाल. वसंतात पाण्याचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आले की बास खोल पाणी सोडून काठाकडे सरकतो. नर उथळ जागी शेपटीने गाळ उडवून रेती-खड्यांचा एक वर्तुळाकार खळगा मोकळा करतो. हेच त्याचे घरटे. मादी तेथे हजारो अंडी घालून निघून जाते. अंडी फुटेपर्यंत आणि पुढे पिल्ले पोहू लागेपर्यंत राखण करतो तो एकटा नर. या काळात तो फारसे खात नाही. पण घरट्याजवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतो. गळाचे आमिष त्याला भक्ष्य वाटत नाही, शत्रू वाटते. अंड्यांनी जड झालेल्या मोठ्या माद्याही याच सुमारास काठाजवळ असतात. त्यामुळे वजनदार मासा मिळण्याची सर्वाधिक शक्यता वसंतातच असते.

उन्हाळा, शरद आणि हिवाळा

उन्हाळ्यात वरचे पाणी तापते आणि थंड, जड पाणी तळाशी राहते. दक्षिण भागात पाणवनस्पतींची दाटी होते. बास दुपारी या वनस्पतींच्या किंवा पुलाच्या सावलीत दबा धरून बसतो आणि पहाटे व तिन्हीसांजेला शिकारीला बाहेर पडतो. शरदात पाणी निवू लागले की हिवाळ्याची बेगमी करण्यासाठी तो लहान माशांच्या थव्यांमागे सरोवरभर हिंडतो. या दिवसांत एका जागी बसून भागत नाही, थवा शोधावा लागतो. हिवाळ्यात पाणी १० अंशांच्या खाली गेले की त्याची पचनक्रिया मंदावते. खोल पाण्यात तो जवळपास निश्चल राहतो. अशा वेळी आमिष तळालगत अगदी संथपणे फिरवावे लागते आणि बहुतेकांना रिकाम्या हातांनी परतावे लागते.

अर्थात वेळापत्रकालाही अपवाद असतात. २ जुलै २००९ रोजी मानाबु कुरिता यांनी ऐन उन्हाळ्यात याच सरोवरात १० किलोहून अधिक वजनाचा बास पकडला. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये नोंदवलेल्या जागतिक विक्रमाशी त्यांनी बरोबरी साधली. कुरिता यांनी आमिष म्हणून वापरला होता जिवंत ब्लूगिल. हा मासाही अमेरिकेतूनच आलेला. तत्कालीन युवराज अकिहितो यांना १९६० च्या अमेरिका दौऱ्यात शिकागोच्या महापौरांनी तो भेट दिला होता. संशोधनासाठी दिलेले हे मासे पुढे देशभर पसरले. २००७ मध्ये शिगा प्रांतातील एका समारंभात सम्राट अकिहितो यांनी याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

काठावरचा संघर्ष

बास ज्या उथळ काठावर वाढतो, तेथेच बोरूच्या बेटांत निगोरोबुना हा स्थानिक मासा वसंतात अंडी घालतो. मीठ आणि भात लावून महिनोन्महिने मुरवलेला निगोरोबुना म्हणजे ‘फुनाझुशी’, शिगाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा खाद्यवारसा. बासच्या जबड्यात त्याची पिल्ले जाऊ लागली आणि मच्छीमारांची जाळी हलकी झाली. बास हेच एकमेव कारण होते असे नव्हे. काठावर बांधलेल्या भिंती, नष्ट झालेली बोरूची बेटे आणि पावसाळ्यापूर्वी सरोवराची पातळी मुद्दाम उतरवण्याची १९९२ पासूनची पद्धत यांचाही त्यात वाटा आहे. दुसरीकडे, भाड्याच्या होड्या, गळाच्या साहित्याची दुकाने आणि वाटाडे यांचा चरितार्थ मात्र बासवरच चालू लागला.

शिगा प्रांताने यावर नियम केला. एप्रिल २००३ पासून बिवा सरोवरात पकडलेला बास किंवा ब्लूगिल पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई आहे. हे मासे टाकण्यासाठी काठावर खास पेट्या ठेवण्यात आल्या. नियमभंगाला दंड मात्र ठेवलेला नाही. पकडलेला मासा जिवंत सोडून देणे हीच खिलाडूवृत्ती, असे शिकलेल्या छांदिष्टांना हा नियम जाचक वाटला. जून २००५ मध्ये परकीय आक्रमक प्रजातींविषयीचा राष्ट्रीय कायदा अमलात आला. विनापरवाना जिवंत बास बाळगणे, त्याची वाहतूक करणे किंवा तो अन्यत्र सोडणे हा त्यानुसार गुन्हा ठरला.

एकच ज्ञान, तीन उपयोग

या साऱ्या प्रकरणातील लक्षणीय बाब अशी की, छांदिष्टाला मोठा मासा मिळवून देणारे ऋतूंचे ज्ञानच त्या माशाच्या निर्मूलनासाठीही उपयोगी पडते. घरट्यावरचा नर जागा सोडत नाही, म्हणून शिगा प्रांतात विणीच्या दिवसांत होडीतून पाण्यात विद्युतप्रवाह सोडून मोठे बास बेशुद्ध केले जातात आणि बाहेर काढले जातात. राखणदार गेला की अंडी इतर मासे फस्त करतात. मियागी प्रांतातील इझुनुमा या उथळ सरोवरात तर स्वयंसेवक खडे भरलेली कृत्रिम घरटी तळाशी ठेवतात. बास त्यांत अंडी घालतो आणि ती फुटण्यापूर्वीच घरटे वर काढून नष्ट केली जातात.

आणि बासच्या मूळ प्रदेशात? कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या अनेक भागांत जूनचा मध्य उलटेपर्यंत बास पकडण्यास बंदी असते. कारण तेच, घरट्यावरचा नर उचलला तर पुढची पिढी जगत नाही. एकाच माशाच्या एकाच सवयीच्या आधारे एका देशात त्याला वाचवले जाते आणि दुसऱ्या देशात संपवले जाते.

हा प्रश्न आपल्यापासूनही दूर नाही. उजनीच्या काठावर ‘चिलापी’ म्हणून आवडीने खाल्ला जाणारा तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला, तो स्वस्त अन्न म्हणून. आज त्याच्यावर अनेक मच्छीमारांची घरे चालतात आणि स्थानिक माशांच्या जागाही त्याने व्यापल्या आहेत. बासचा दोष एवढाच की तो जेथे सोडला गेला, तेथे जगण्यात यशस्वी झाला. तो सोडायला एक दिवस पुरला. त्याला आवरण्यासाठी बिवाच्या काठावर दर वसंतात नव्याने होड्या पाण्यात उतरवाव्या लागतात. परका मासा तळ्यात सोडण्याआधी करायचा हिशेब तो हाच.