धन्याची कबुतरे, कुळाचे दाणे

कबुतरखाना म्हटले की आपल्याला शहरातला चौक आणि पिशवीतली ज्वारी आठवते. दाणे टाकायचे आणि पुण्य जोडायचे. मध्ययुगीन इंग्लंडातल्या कबुतरखान्याचे नाते मात्र थेट मुदपाकखान्याशी होते.

वॉरिकशायरमध्ये किनवॉर्टन येथे चौदाव्या शतकातला असा एक कबुतरखाना आजही उभा आहे. ईव्हशॅमच्या ख्रिस्ती मठाची तिथे जहागिरी होती. खंदकाने वेढलेला वाडा केव्हाच गेला, कबुतरांचे घर तेवढे राहिले. गोल, दगडी, भिंती मीटरभर जाड. आत पाहावे तर खालपासून वरपर्यंत कोनाडेच कोनाडे, पाचशेहून अधिक. मधोमध स्वतःभोवती फिरणारा लाकडी खांब, त्याला आडवे दांडे आणि दांड्यांना शिडी. शिडीवर चढायचे, भिंतीला रेटा द्यायचा, की माणसासकट शिडी गोल फिरते. खाली न उतरता एकामागून एक कोनाडे तपासता येतात. कल्पना मोठी हुशारीची, पण हात कशासाठी जाई? जेमतेम महिन्याच्या, अजून उडू न शकणाऱ्या पिल्लासाठी. त्याचे मांस कोवळे असते. हिवाळ्यात ताजे मांस मिळावे म्हणून हे कबुतरखाने होते, असे पुष्कळदा सांगतात. ते तितकेसे खरे नाही. पिल्ले मुख्यतः वसंतापासून पानगळीपर्यंतच मिळत. विष्ठाही वाया जात नसे. तिचे उत्तम खत होई.

या कबुतरांचा चारा मात्र धन्याला फारसा विकत घ्यावा लागत नसे. सकाळी थवा उडे आणि आसपासच्या शेतांत उतरे. शेत कुळाचे असो की धन्याचे, पाखराला काय त्याचे! आपल्याकडे माचाणावरून गोफण फिरवणाऱ्याला पाखरू मेले तर कोणी जाब विचारत नाही. तिथे कुळाने पाखरे हाकलावीत. मारले तर धन्याच्या मालमत्तेला हात लावल्यासारखे. स्वतःचा कबुतरखाना बांधणे तर दूरच, तो मान मुख्यतः जहागीरदारांचा आणि मठांचा. आम्ही कवींनी कबुतराला शांतीचे प्रतीक करून टाकले. त्या कुळाला विचारले असते तर त्याने वेगळीच उपमा दिली असती.

फ्रान्समध्येही उमरावांना असाच हक्क होता, आणि तिथे हा राग कागदावर उतरला. १७८९ साली गावोगावच्या गाऱ्हाण्यांत कबुतरांची तक्रार आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क मोडीत काढले, त्यांत हाही होता. गाव ठरवील त्या दिवसांत कबुतरे कोंडून ठेवायची. त्या काळात बाहेर दिसली, तर ज्याच्या जमिनीवर उतरतील त्याने ती खुशाल मारावीत.