लग्नाच्या कॅसेटमध्ये मुंग्या दिसतात? टाकून देण्याआधी हे तपासा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि सगळ्या उठता उठता एका काकूंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली. त्यांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट, १९९६ सालची. म्हणाल्या, "मॅडम, यात माझी आई आहे. तिचा एकसुद्धा फोटो माझ्याकडे नाही."

तालुक्याला एका दुकानात पैसे देऊन त्यांनी ती कॅसेट पेनड्राइव्हवर भरून आणली होती. घरी मुलाने टीव्हीला लावून बघितलं तर नुसत्या मुंग्या आणि वाकडेतिकडे चेहरे. दुकानदार म्हणाला, कॅसेटच जुनी, त्याला मी काय करू? घरचे म्हणाले, आता ठेवून काय उपयोग, टाकून द्या.

मी शिकले समाजकार्य, इलेक्ट्रॉनिक्स नाही. पण कॉलेजात असताना आमच्या घरच्या तीन कॅसेटी मी स्वतः कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि करता येतील तेवढ्या सगळ्या चुका केल्या. त्यातून एक कळलं. चित्र खराब आलं म्हणजे कॅसेट गेली असं नसतं. बऱ्याचदा दोष दुसरीकडेच असतो.

कॅसेटमध्ये चित्र असतं कसं?

कॅसेटच्या आत अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी असते, आपण तिला रीळ म्हणतो. तिच्यावर लोहचुंबकासारख्या बारीक पावडरचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. व्हीसीआरमध्ये एक गोल ड्रम सेकंदाला २५ वेळा फिरतो. त्याच्यावरची बारीक हेडं पट्टीला घासत चित्र वाचतात. हेडावर धूळ बसली की चित्र गेलंच.

ही व्हीएचएस कॅसेट जपानमध्ये १९७६ साली आली. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची म्हणून ओळखली जाणारी कंपनीसुद्धा २०१६ मध्ये थांबली. म्हणजे आज दुकानात जे यंत्र आहे ते जुनंच आहे. ते नीट चालतंय ना, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

दोष नेमका कुठे? तीन तपासण्या

हिशोब जुळला नाही तर आपण काय करतो? लगेच कोणाला चोर ठरवत नाही. गटाची वही, सदस्याचं पासबुक आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवतो. इथेही तसंच करायचं.

१. व्हीसीआर सरळ टीव्हीला जोडून कॅसेट लावायला सांगा. टीव्हीवर चित्र चांगलं आणि कॉम्प्युटरवर खराब असेल, तर कॅसेट आणि व्हीसीआर दोन्ही ठीक आहेत. दोष वायरमध्ये, मधल्या यंत्रात किंवा सेटिंगमध्ये आहे.

२. त्याच व्हीसीआरमध्ये दुसरी कॅसेट लावा. तीही तशीच दिसली तर दोष व्हीसीआरचा. दुसरी चांगली दिसली तर आपल्या कॅसेटकडे बघायचं.

३. आपली कॅसेट मागे घेऊन तीच जागा पुन्हा बघा. दर वेळी त्याच ठिकाणी चित्र फाटत असेल तर तिथे पट्टी चुरगळली आहे किंवा थर निघाला आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी फाटत असेल तर हेड किंवा वायर तपासायची.

लावण्याआधी: बुरशी बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळलेल्या रिळाच्या कडेकडे उजेडात बघा. पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. पावसाळ्यात ओल धरलेल्या कपाटात ती हमखास येते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि कॅसेट साफ करून देणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

बुरशी नसेल तर कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग सुरुवातीपर्यंत मागे घ्या. वर्षानुवर्षं एका जागी बसलेलं रीळ मोकळं होतं. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते, ती तोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुनं शूटिंग पुसलं जात नाही.

काय दिसतं आणि काय करायचं

*सगळ्या चित्रावर मुंग्या, कुठलीही कॅसेट लावली तरी:* हेड घाण झालं आहे. मेकॅनिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतो. घरी कापूस, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर असलं काही वापरू नका. हेड फार नाजूक असतं, कापसाचा धागा अडकला तरी तुटतं.

*वर किंवा खाली मुंग्यांचा आडवा पट्टा:* ट्रॅकिंग जुळलेलं नाही. व्हीसीआरवर किंवा रिमोटवर ट्रॅकिंगचं बटण असतं. ते हळूहळू फिरवत पट्टा चित्राबाहेर घालवायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत कोणी करत नाही.

*मधेच निळा पडदा:* बऱ्याच व्हीसीआरमध्ये सिग्नल कमी पडला की आपोआप निळा पडदा येतो. मेनूमध्ये ही सोय बंद करता येते. मग अंधुक का होईना, चित्र दिसतं.

*चित्र काळं-पांढरं किंवा सतत सरकणारं:* आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या असतात. कॉम्प्युटरवर अमेरिकेची एनटीएससी पद्धत निवडली गेली असेल तर असं होतं. सेटिंगमध्ये पाल करायचं.

*चित्र फिकट, खरखरीत:* जोडणी अँटेनाच्या वायरने केली आहे का बघा. पिवळ्या पिनेची व्हिडिओ वायर वापरली तर चित्र जास्त स्वच्छ येतं. पिना गंजलेल्या किंवा सैल नकोत.

*वरची कड वाकलेली:* पट्टी ताणली गेली की असं होतं. दुसऱ्या व्हीसीआरवर लावून बघा. काही वेळा मधे डीव्हीडी रेकॉर्डर जोडला तरी चित्र स्थिर होतं.

*अगदी खाली फाटकी बारीक पट्टी:* काळजी नको. ती प्रत्येक कॅसेटमध्ये असते. जुन्या टीव्हीत कड झाकली जायची म्हणून दिसत नव्हती.

*माणसं हलली की कंगव्यासारख्या रेघा:* जुनं चित्र एक सोडून एक ओळीने भरलेलं असतं. फाइल बनवताना डीइंटरलेस ही क्रिया केली की रेघा जातात.

*सगळे जाडे दिसतात:* हसू नका, माझ्याकडून हेच झालं होतं! जुनं चित्र चारास तीन मापाचं असतं. ते रुंद टीव्हीभर ताणलं की नवरी दुप्पट दिसते. माप चारास तीनच ठेवायचं, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तरी चालेल.

आणि टीव्हीवर कॅसेट लावून मोबाइलने शूटिंग करू नका. त्यात पट्टे फिरतात, रंग जातात आणि खोलीतला आवाज येतो.

जे होत नाही ते

व्हीएचएसचं चित्र मुळातच आजच्या मोबाइलपेक्षा पुष्कळ कमी बारकाव्याचं असतं. "एचडी करून देतो, जादा पैसे द्या" असं कोणी म्हटलं तर विचार करा. फाइल मोठी होईल, पण कॅसेटमध्ये जे नाही ते येणार नाही. थर निघून गेलेल्या जागचं चित्रही परत येत नाही.

मात्र एक रस्ता आहे, आणि तो आपल्या बायकांनाच सुचेल. लग्नाच्या कॅसेटी बहुतेक वेळा दोन काढल्या जायच्या, एक सासरी आणि एक माहेरी. सासरची सारखी लावून झिजलेली असेल, तर माहेरच्या पेटीत दुसरी पडून असेल. आधी फोन करा.

दुकानदाराला काय सांगायचं?

• आधी पाच मिनिटांचा भाग भरून दाखवा, मग पुढचं काम करा.
• हेड साफ केलं का? ट्रॅकिंग माझ्या कॅसेटप्रमाणे लावलं का?
• सेटिंग पाल आणि माप चारास तीन ठेवा.
• मूळ कॅसेट मला परत हवी.

मिळालेली फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एका पेनड्राइव्हवर भरवसा नको. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की चित्र आणखी उतरतं. मोठी फाइल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅसेट पूर्ण मागे घेऊन, कव्हरात, उभी, कोरड्या जागी ठेवा, स्पीकरपासून लांब.

आता काकूंचं सांगते. आम्ही दोघी दुसऱ्या दुकानात गेलो. हेड साफ करून, ट्रॅकिंग जुळवून लावल्यावर नव्वद टक्के चित्र स्वच्छ निघालं. पण आई दिसते नेमका तोच भाग चुरगळलेला होता. काकू गप्प झाल्या. मग त्यांनी भावाला फोन लावला. त्याच्या माळ्यावर दुसरी कॅसेट होती, बुरशी नसलेली.

त्यात आई साधारण वीस सेकंद दिसते. मांडवाच्या दारात उभी आहे, पदर सावरते आणि कोणाला तरी हाताने बोलावते. काकूंनी ते चार वेळा बघितलं. मग म्हणाल्या, "ती मलाच बोलावतेय."

पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा पेटी उघडून बघा. कॅसेट सापडली तर पुढच्या बैठकीला घेऊन या, बुरशी आहे का ते आपण मिळून बघू.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक