कंपवाताची गोळी : मनाने वाढवू नका, मनाने थांबवू नका

खाजकुहिलीची शेंग अंगाला लागली की काय होते, हे मावळातल्या गुराख्याला सांगायला नको. याच वेलीच्या बियांतून १९३७ साली दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे काढले. कंपवातावर म्हणजे पार्किन्सन्सच्या विकारावर आज सर्वांत गुणकारी औषध तेच आहे.

या विकारात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हात थरथरतो, अंग ताठरते, हालचाली मंदावतात. लेव्होडोपाचे मेंदूत डोपामिन बनते. ते वाटेतच खर्ची पडू नये म्हणून गोळीत कार्बिडोपा घातलेले असते. विकार मुळापासून जात नाही, पण माणूस हिंडता-फिरता राहतो.

गोळी शक्यतो जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी. दूध, डाळ, उसळ, मटण यांतील प्रथिने व लोहाच्या गोळ्या तिचा परिणाम कमी करतात. मळमळत असेल तर सोबत एखादे साधे बिस्किट चालेल. अंथरुणातून एकदम उठू नये. रक्तदाब उतरून तोल जातो.

'झाडपाल्याचे आहे, अपाय कसला?' म्हणून काही जण गोळीसोबत खाजकुहिलीच्या बियांचे चूर्णही घेतात. त्यातही लेव्होडोपाच असते आणि त्याचे प्रमाण ठरलेले नसते. मात्रा वाढली की उलट्या, भास, हातापायांचे अनावर हेलकावे सुरू होतात.

उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करेवरचे सिनारिझिन कंपवात वाढवतात. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी चालू गोळ्यांची चिठ्ठी आधी दाखवा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांवर असलेल्या रुग्णाला जुगाराचा वा खरेदीचा अनावर नाद लागला, तर घरच्यांनी तो स्वभावदोष न समजता डॉक्टरांच्या कानावर घालावा.

सर्वांत मोठा धोका गोळी एकाएकी बंद करण्यात आहे. तीव्र ताप, लाकडासारखे ताठलेले अंग, भ्रम अशी जीवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. असे झाल्यास रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या वाड्यावस्त्यांचे रस्ते बंद पडतात. अशा घरांनी जून उजाडण्यापूर्वीच, भात-लाकडाच्या बेगमीबरोबर, महिनाभराच्या गोळ्याही आणून ठेवाव्यात.